अमृता शेरगिल : पॅरिसहून अजिंठ्यापर्यंत

नोव्हेंबर १९३६. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक चित्रप्रदर्शन भरले होते. एका बाजूला दिल्लीच्या उकील बंधूंची नाजूक, धूसर रंगांतील चित्रे आणि दुसऱ्या बाजूला तेवीस वर्षांच्या एका तरुणीचे कॅनव्हास. तांबूस, विटकरी, गडद हिरवा असे रंग आणि जमिनीकडे पाहणारी अबोल माणसे. मुंबईकर रसिकाची नजर तोवर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या काटेकोर वास्तववादी शैलीवर पोसलेली होती. घरोघरी राजा रविवर्म्यांच्या छापील तसबिरी होत्या. त्या तसबिरींतील लक्ष्मी-सरस्वतींच्या गोऱ्या, गोंडस चेहऱ्यांशी या काळ्यासावळ्या माणसांचे काहीच नाते नव्हते. प्रदर्शनाची चर्चा झाली, चित्रे मात्र फारशी खपली नाहीत. तिच्या हयातीत बहुतेक ठिकाणी असेच घडत राहिले.

तरीही अमृता शेरगिलच्या आयुष्यात त्या मुंबई मुक्कामाचे महत्त्व फार मोठे आहे. तिथून ती वेरूळ आणि अजिंठ्याला गेली आणि परतली ती वेगळी चित्रकार होऊन. तिच्या चरित्राची चर्चा बहुधा तिच्या प्रेमप्रकरणांभोवती आणि अकाली मृत्यूभोवती घुटमळते. अलीकडे तर मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोशी तिची तुलना करण्याचा प्रघातच पडला आहे. या सगळ्या गदारोळात अजिंठ्याच्या लेण्यांतील ते थोडे दिवस झाकोळून जातात.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग शेरगिल पंजाबातील मजिठा घराण्याचे सरदार. संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक, खगोलशास्त्राचा नाद असलेले आणि छायाचित्रणात विलक्षण गती असलेले गृहस्थ. आई मेरी आंत्वानेत ही हंगेरियन गायिका. महाराजा रणजितसिंगांची नात राजकन्या बांबा हिच्यासोबत ती हिंदुस्थानात आली आणि लाहोरला उमरावसिंगांशी तिचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धामुळे हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले. अमृता आणि तिच्याहून एक वर्षाने धाकटी असलेली इंदिरा यांचे बालपण तिथेच गेले. १९२१ मध्ये कुटुंब भारतात आले आणि सिमल्याला स्थायिक झाले.

लहानपणापासून मुलीच्या हातात पेन्सिल होती. आईने १९२४ मध्ये तिला इटलीत फ्लॉरेन्सच्या शाळेत घातले, पण काही महिन्यांतच दोघी परतल्या. सिमल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आपण नास्तिक असल्याचे जाहीर केल्यामुळे तिला शाळेतून काढून टाकण्यात आले. तिचे मामा एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक होते. भाचीचा हात त्यांनी ओळखला आणि मनाने रचलेली चित्रे सोडून समोर माणूस बसवून काढण्याची सवय तिला लावली. घरातले नोकरचाकर तिचे मॉडेल झाले. पुढे आयुष्यभर तिने हा धडा सोडला नाही.

१९२९ मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी सारे कुटुंब पॅरिसला गेले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. प्रारंभी एका खासगी कलाशाळेत आणि मग इकोल दे बोझार या नामवंत संस्थेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली तिने रीतसर शिक्षण घेतले. सेझान आणि गोगँ ही तिची त्या काळातली दैवते. एकोणिसाव्या वर्षी काढलेल्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला १९३३ मध्ये पॅरिसच्या ग्रँड सलोंमध्ये सुवर्णपदक मिळाले आणि तिची त्या संस्थेची सहसदस्य म्हणून निवड झाली. इतक्या लहान वयात हा मान मिळवणारी ती पहिलीच आशियाई. पॅरिसमध्ये राहून नाव कमावण्याचा मार्ग तिच्यासमोर मोकळा होता. त्याऐवजी १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली. चित्रकार म्हणून आपले भवितव्य भारतातच आहे, अशी तिची धारणा झाली होती. वडिलांना मात्र मुलीच्या मोकळ्या वागण्याची धास्ती होती. तिच्या येण्याने कुटुंबाची अप्रतिष्ठा होईल, असे त्यांना वाटत होते.

फ्रिडाशी होणारी तुलना इथून सुरू होते आणि तीत थोडेफार तथ्यही आहे. फ्रिडाचा जन्म १९०७ चा, अमृतापेक्षा साडेपाच वर्षे आधीचा. एकीचे वडील जर्मनीत जन्मलेले आणि आई मेक्सिकन, दुसरीचे वडील शीख आणि आई हंगेरियन. दोघींचे वडील उत्तम छायाचित्रकार होते. कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहायचे हे मुलींना आपोआप उमगले आणि पुढे दोघींनीही स्वतःचीच चित्रे वारंवार रंगवली. दोघींनी युरोपीय वेश टाकून फ्रिडाने तेवाना स्त्रियांचे झगे आणि अमृताने साडी हा पोशाख जाणीवपूर्वक पत्करला. त्या कधी भेटल्याची नोंद नाही. १९३९ मध्ये फ्रिडाची चित्रे पॅरिसमध्ये झळकली तेव्हा अमृताला ते शहर सोडून चार वर्षे उलटली होती.

साम्य इथेच संपते. १९२५ च्या बस अपघातानंतर फ्रिडाचे शरीर हाच तिच्या चित्रांचा विषय झाला. बिछान्याला खिळून, वर टांगलेल्या आरशात पाहत तिने स्वतःची वेदना रंगवली. अमृताची वाट नेमकी उलट होती. भारतात आल्यावर तिच्या कॅनव्हासवरून ती स्वतः जवळजवळ नाहीशी झाली. तिची जागा सिमल्याच्या डोंगरउतारावरील मजूर, भिकारी आणि घरकाम करणाऱ्या बायांनी घेतली. म्हणून ‘भारताची फ्रिडा’ हे बिरूद कानाला गोड लागले तरी फसवे आहे.

सिमल्यात १९३५ मध्ये तिने ‘पहाडी पुरुष’, ‘पहाडी स्त्रिया’, ‘मदर इंडिया’ आणि ‘तीन मुली’ ही चित्रे काढली. त्याच वर्षी सिमला फाइन आर्ट्स सोसायटीने तिची काही चित्रे प्रदर्शनासाठी नाकारली आणि एका चित्राला पारितोषिक दिले. पारितोषिक मिळालेल्या चित्रापेक्षा नाकारलेली चित्रे सरस आहेत, असे तिचे मत होते. तिने पारितोषिक परत पाठवले. बाविसाव्या वर्षी हे धाडस करणाऱ्या मुलीबद्दल सिमल्याच्या गोऱ्या समाजात काय बोलले गेले असेल याची कल्पना करता येते. बंगाल शैलीच्या चित्रकारांवरही तिने जाहीर टीका केली. जुन्या वैभवाचे भावुक अनुकरण म्हणजे भारतीय कला नव्हे, असे ती लिहीत असे. या स्पष्टवक्तेपणाने तिचे मित्र कमी आणि शत्रू अधिक झाले.

मात्र तिच्या स्वतःच्या चित्रांतही एक अडचण होती. सिमल्याची ही माणसे करुण आणि सुंदर आहेत, पण ती अजूनही पॅरिसमध्ये शिकलेल्या हाताने घडवलेली आहेत. त्यांच्या अंगावरच्या छायाप्रकाशात गोगँ दिसतो. विषय भारतीय आणि व्याकरण फ्रेंच. ही उणीव तिलाही जाणवत असावी, असे तिचे पुढचे काम पाहून वाटते.

मुंबईत तिची गाठ कार्ल खंडालावाला यांच्याशी पडली. पेशाने वकील असलेले हे पारशी गृहस्थ भारतीय लघुचित्रांचे जाणकार संग्राहक होते. त्यांच्या घरी तिने राजपूत आणि पहाडी शैलीची लघुचित्रे जवळून पाहिली. बसोहलीचे तापलेले लाल आणि पिवळे रंग तिच्या मनात घर करून राहिले. खंडालावाला तिचे मित्र, टीकाकार आणि पुढे पत्रांतून सल्ला देणारे मार्गदर्शक झाले. तिच्यावरील आरंभीचे एक महत्त्वाचे पुस्तक त्यांनीच लिहिले आणि ते तिच्या निधनानंतर काही वर्षांतच प्रसिद्ध झाले. त्यांचा संग्रह आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अमृताला भारावून टाकणारी परंपरा कोणती होती, हे तिथे जाऊन पाहता येते.

मुंबईहून ती मराठवाड्यात गेली. वेरूळ आणि अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत. १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडल्यापासून अजिंठ्याची कीर्ती जगभर पसरली होती. जे. जे. चे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना तिथे नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या होत्या. बंगाल शैलीच्या चित्रकारांनीही तिथून प्रेरणा घेतली होती. म्हणजे अजिंठा पाहणारी अमृता पहिली नव्हती, तिच्याआधी दोन पिढ्या तिथे जाऊन आल्या होत्या. फरक होता तो काय उचलले याचा. इतरांनी अजिंठ्याचे डोळे, बोटे, मुकुट आणि अलंकार उचलले. अमृताने रचना उचलली.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी किंवा सतराव्या लेण्यातील गर्दीची दृश्ये पाहिली तर ती रचना ध्यानात येते. माणसे एकमेकांना बिलगून बसलेली, तरीही प्रत्येक आकृती आपापल्या रेषेत पूर्ण. पडछाया जवळजवळ नाही. आकाराला गोलाई येते ती रेषेच्या वळणातून आणि रंगाच्या फिक्या-गडद थरांतून. मातीचे लाल, पिवळे आणि काव यांवर सारा खेळ चाललेला. काळ्या कांतीच्या आकृतीशेजारी गोरी आकृती आणि दोघींना सारखीच प्रतिष्ठा. भारतात परतल्यानंतर प्रथमच दुसऱ्या कुणाच्या कामातून आपल्याला काही शिकायला मिळाले, अशी कबुली तिने या भेटीनंतर पत्रातून दिली. स्वतःच्या मतांविषयी कमालीची ठाम असलेल्या या मुलीने असे म्हणावे, ही गोष्ट लहान नाही.

पुढे ती हैदराबादला गेली. तिथे नवाब सालारजंग यांनी तिची चित्रे पाहण्यासाठी ठेवून घेतली आणि अखेर न घेताच परत केली. त्यानंतर त्रावणकोर, कन्याकुमारी आणि कोचीन. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रांसमोर बसून तिने रेखाटने केली. १९३७ मध्ये सिमल्याला परतताच तिने जी तीन चित्रे रंगवली ती दक्षिण भारतीय चित्रत्रयी म्हणून ओळखली जातात. ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय खेडूत’ ही ती तीन चित्रे.

‘वधूचा शृंगार’मध्ये उजळ कांतीची नवरी मध्यभागी बसली आहे, तिच्या हातांना मेंदी लागलेली आहे आणि भोवती सावळ्या स्त्रिया आहेत. लग्नघरातील हा प्रसंग असूनही चित्रात कुणी हसत नाही. ‘ब्रह्मचारी’मध्ये पांढऱ्या धोतरांतील पाच तरुण एका ओळीत बसले आहेत. पांढऱ्या रंगाच्या किती छटा असू शकतात हे त्या धोतरांकडे पाहिल्यावर कळते. सिमल्याच्या चित्रांतील कारुण्य इथेही आहे, पण ते आता चेहऱ्यांवर चिकटवलेले वाटत नाही. ते माणसांच्या बसण्यातून, त्यांच्यामधील अंतरातून प्रकट होते. हे तिला अजिंठ्याने दिले.

तिची ही नजर पुस्तकी नाही, याचा पडताळा महाराष्ट्रात कुठेही घेता येईल. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यात नातेपुत्याच्या मुक्कामी विसावते, तेव्हा झाडाखाली टेकलेल्या वारकरी बाया पाहाव्यात. दिवसभराच्या चालीनंतर हिरव्या-लाल लुगड्यांतील त्या बाया एकमेकींना टेकून बसतात, कुणी बोलत नसते, प्रत्येकीची नजर कुठेतरी दूर असते. पत्रकारांचे कॅमेरे बहुधा रिंगणाकडे आणि फुगडीकडे वळलेले असतात. अमृताने टिपले असते ते हे बसणे.

मुंबईने तिला वाऱ्यावर सोडले नाही, हेही नोंदवले पाहिजे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ च्या आपल्या प्रदर्शनात ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. लाल, हिरव्या आणि केशरी वस्त्रांतील, नशिबाची वाट पाहत बसल्यासारख्या दिसणाऱ्या या तीन मुली तिच्या चित्रांत आज सर्वाधिक परिचित आहेत. त्याच काळात मुंबईत रावबहादूर धुरंधरांची कन्या अंबिका आणि गोमंतकीय चित्रकार त्रिंदाद यांची कन्या अँजेला या दोघी जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाल्या होत्या. दोघींना घरातूनच वारसा आणि पाठबळ लाभले. अमृताला घरातून पैसा आणि प्रवास मिळाला, चित्रकलेची परंपरा मात्र तिला स्वतःच शोधावी लागली.

१९३७ च्या नोव्हेंबरमध्ये लाहोरच्या प्रदर्शनात तिचे कौतुक झाले. दिल्लीत जवाहरलाल नेहरूंशी परिचय झाला आणि दोघांत पत्रव्यवहारही झाला. त्यातील बरीच पत्रे ती परदेशी असताना आईवडिलांनी जाळून टाकली. या विषयावर आजवर पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत. जळालेल्या पत्रांवरून निष्कर्ष काढण्यात मात्र फारसा अर्थ नाही.

जुलै १९३८ मध्ये बुडापेस्टला तिने मावसभाऊ व्हिक्टर एगन याच्याशी विवाह केला. तो डॉक्टर होता. या लग्नाला आईचा कडवा विरोध होता. दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमू लागल्यावर १९३९ मध्ये दोघे भारतात आले आणि गोरखपूरजवळ सराया येथे मजिठा घराण्याच्या साखर कारखान्याच्या परिसरात राहू लागले. व्हिक्टर तिथे डॉक्टरकी करी. ऊस, धूळ, हत्ती आणि दुपारी ओसरीवर पडलेल्या बायका एवढेच तिथले जग. कलेविषयी बोलायला माणूस नाही आणि चित्रे विकली जात नाहीत, या अवस्थेत तिला अनेकदा निराशेने ग्रासले. काही काळ तर काम जवळजवळ ठप्प झाले.

आणि तरीही तिची काही सर्वांत परिपक्व चित्रे सरायातच आकाराला आली. ‘झोका’, ‘हळद दळणाऱ्या बाया’, ‘खाटेवर विसावलेली स्त्री’ ही १९४० ची चित्रे. पॅरिसची भव्यता गळून पडली, आकार लहान झाले, पहाडी लघुचित्रांतले लाल रंग जागे झाले. मोठ्या घरांतील स्त्रियांचे कंटाळवाणे, सुस्त, कोंडलेले दिवस यापूर्वी भारतीय चित्रकलेत इतक्या जवळून कुणी पाहिले नव्हते. खाटेवरच्या त्या स्त्रीच्या लाल वस्त्रात जेवढी धग आहे तेवढाच कोंडमारा आहे.

सप्टेंबर १९४१ मध्ये दोघे लाहोरला आले. मॉल रस्त्यावरच्या गंगाराम मॅन्शनमध्ये घर घेतले. शहर जिवंत होते, ओळखीची माणसे होती, डिसेंबरमध्ये मोठे प्रदर्शन ठरले होते. गच्चीवरून दिसणारी घरे आणि म्हशी ती रंगवत होती. ते चित्र अपुरेच राहिले. डिसेंबरच्या सुरुवातीला ती अचानक आजारी पडली आणि ५ डिसेंबर १९४१ च्या रात्री तिचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावीस. मृत्यूचे कारण कधीच निश्चित झाले नाही. गर्भपाताची कुजबूज झाली, आईने जावयावर उघड आरोप केले. नेमक्या त्याच सुमारास ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि हंगेरियन असलेल्या व्हिक्टरला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. रावीच्या काठी तिच्यावर अंत्यसंस्कार झाले. ठरलेले प्रदर्शन त्याच महिन्यात तिच्या पश्चात भरले. मुलीच्या मृत्यूचा धक्का आई पचवू शकली नाही. १९४८ मध्ये तिने स्वतःचे जीवन संपवले.

अमृताची ज्ञात चित्रे सुमारे पावणेदोनशे आहेत. पती आणि वडील यांनी तिची चित्रे राष्ट्राला दिली. १९५४ मध्ये दिल्लीत जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले तेव्हा त्याच्या संग्रहाचा गाभाच या चित्रांचा होता. आज त्या संग्रहालयात तिची शंभराच्या आसपास चित्रे आहेत. १९७६ मध्ये केंद्र सरकारने तिच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला. त्यामुळे देशातील तिची चित्रे विकून बाहेर नेता येत नाहीत. १९७८ मध्ये ‘पहाडी स्त्रिया’ टपाल तिकिटावर आल्या. बहिणीचा मुलगा, चित्रकार विवान सुंदरम् यांनी २०१० मध्ये तिची पत्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांमुळे आख्यायिकांच्या पलीकडची, हिशेबी, विनोदी, कधी तुसडी, कामाच्या बाबतीत मात्र निर्दय असणारी अमृता वाचकांना भेटली. २०२३ मध्ये विवान यांचेही निधन झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिच्या ‘द स्टोरी टेलर’ या १९३७ च्या चित्राला लिलावात ६१.८ कोटी रुपये मिळाले. भारतीय कलाकृतीला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती. अजिंठ्याहून परतल्यानंतरचे हे चित्र. अंगणात बसलेली माणसे, गाई, पांढऱ्या भिंती, एवढाच त्यातला प्रसंग. ज्या वर्षी ते रंगले त्या सुमारास अमृता चित्रांचे भाव कमी करूनही गिऱ्हाईक शोधत होती.

तो विक्रम मार्च २०२५ मध्ये मोडला. न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. हुसेन पंढरपूरचे, सोलापूर जिल्ह्याच्या मातीत जन्मलेले. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्या त्या पिढीपुढे भारतीय चित्रकलेची आधुनिक भाषा कोणती, हा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर अमृताने दहा वर्षे आधी देऊन ठेवले होते. हुसेन यांच्या सुरुवातीच्या खेडुतांवर, त्यांच्या कुंकवासारख्या लाल रंगावर आणि मातकट पिवळ्यावर तिची छाया समीक्षकांना दिसत आली आहे. ‘ग्रामयात्रा’तील दळणाऱ्या, मुलाला मांडीवर घेतलेल्या बाया पाहताना सरायातल्या हळद दळणाऱ्या बाया आठवतात.